आठवा बोळा

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या रागाचा वाटा आहे आणि त्याहून मोठा वाटा माझ्या फुशारकीचा. चूक सांगताना माणूस नशिबाला मध्ये आणतो. मीही काही वर्षं आणलं होतं, पण नशिबाचा इथे काही संबंध नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातिवलीला माझं गॅरेज होतं, पत्र्याच्या छपराचं, दोन ट्रक कसेबसे मावतील एवढं. आजूबाजूला गाळे आणि गोदामं, त्यामुळे ट्रकांना तोटा नव्हता. मी मूळचा आगाशीचा, केळीच्या वाडीत वाढलेला. वाडी सोडून ट्रकखाली आडवा व्हायला गेलो म्हणून घरचे बरेच दिवस धड बोलत नव्हते. पण वाडीतली एक सवय मी गॅरेजमध्ये घेऊन आलो होतो आणि तिचा मला फार अभिमान होता.

आमच्या विहिरीवर पाणी काढायचं डिझेल इंजिन होतं. वडील ते उघडायचे तेव्हा जो पाईप मोकळा होईल त्याच्या तोंडात केळीच्या सोपटाचा बोळा खुपसायचे. सोपट म्हणजे केळीच्या खांबावरचं वाळलेलं साल. वाडीत आम्ही त्यानेच सगळं बांधतो, झाकतो, पुसतो. पाईपात माती जाऊ नये, कुंभारमाशीने घर करू नये, म्हणून हा बोळा. वडिलांचा नियम एकच होता, बोळ्याची शेपटी बोटभर बाहेर ठेवायची, म्हणजे तो आत आहे हे विसरायला होत नाही. बाकीचे मेकॅनिक चिंध्या वापरायचे. चिंधीचे दोरे सुटतात आणि तेलात जातात, सोपटाचं तसं नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. लोक मला ‘वाडीवाला मिस्त्री’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

माझ्याकडे ज्यांच्या गाड्या यायच्या त्यांतल्या एका शेठने तेव्हा नवा ट्रक घेतला, टर्बोवाला. शेठ म्हणजे खाडीकाठच्या शेतकरी घरातला, भात सोडून वाहतुकीच्या धंद्यात आलेला माणूस. तो ट्रक त्याने आपल्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरच्या हाती दिला. ते नंदाखालचे, ख्रिस्ती. त्यांना सगळेच काका म्हणायचे, मीही म्हणायचो. तीस वर्षं गाडी चालवत होते आणि एकही इंजिन त्यांच्या हातून खराब झालेलं नव्हतं. हे ते स्वतः सांगायचे नाहीत, शेठ सांगायचा, तेही दर वेळी.

टर्बोची गाडी आली तेव्हा काका तिला घेऊन आधी माझ्याकडे आले.

“मिस्त्री, हिचं काय वेगळं असतं ते सांग बाबा. नंतर नको बोलू, सांगितलं नाय म्हणून.”

मी सांगितलं की टर्बोत एक दांडा भयंकर वेगाने फिरतो आणि त्याला सतत तेल लागतं. लांबून गाडी आली की आल्या आल्या बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवायची. नाहीतर फिरणं चालू आणि तेल बंद, आतलं तेल जळून कोळसा होतो.

“तीन मिनिटं म्हणजे किती?” काकांनी विचारलं. ते घड्याळ घालत नसत.

मी सहज म्हणालो, “दहा नमो मारिया म्हणा. मग बंद करा.”

मी गंमत केली होती. काकांनी ती गंमत म्हणून घेतली नाही. त्या दिवसापासून गाडी कुठेही लागो, गोदामात, ढाब्यावर, शेठच्या दारात, काका स्टिअरिंगवर डावा हात ठेवून बसायचे, एकेक बोट दाबत दहा प्रार्थना म्हणायचे आणि मगच इंजिन बंद करायचे. माल उतरवणारे खाली ताटकळत उभे असायचे, ओरडायचे, काका हलायचे नाहीत. पुढे पुढे गाडी आली की हमालच म्हणायचे, “थांबा, दहा होऊ दे.”

वर्षभरात त्या ट्रकचे तेलाचे पाईप त्रास द्यायला लागले. कंपनीचे लोखंडी पाईप होते. आपल्या रस्त्यांचे हादरे खाऊन टर्बोजवळच्या पाईपाला बारीक चीर पडली, ती डाग देऊन भरली, पुन्हा पडली. तेव्हा मी शेठला म्हणालो की हे लोखंड काढून टाकू आणि जास्त दाबाचे जाळीचे पाईप घालू. आतून रबर, वरून पोलादी तारांची विणलेली जाळी. हादरले तरी वाकतील, फुटणार नाहीत. सातिवलीतच एका गाळ्यात मोठ्या मशिनींसाठी असे पाईप बनवून मिळायचे. ट्रकला ते घालायची कल्पना आमच्या रांगेत तोपर्यंत कुणाला सुचली नव्हती, मला सुचली होती. मी तर हवेतच होतो.

चार पाईप बनवले. टर्बोचा एक, तेल थंड करणाऱ्या कूलरचे दोन आणि फिल्टरचा एक. चार पाईप म्हणजे आठ तोंडं. आतून धुऊन, हवा मारून, आठही तोंडांत मी सोपटाचे बोळे घातले.

बसवायच्या दिवशी शेठ नारळ घेऊन आला. आजूबाजूच्या गॅरेजवालेही हात पुसत पुसत बघायला आले. त्या जाळीच्या पाईपांना काय चकाकी होती! मी एकेक पाईप उचलत होतो, बोळा उपटून खाली टाकत होतो, तांब्याचे नवे वॉशर लावून आवळत होतो आणि सगळा वेळ तोंड चालू होतं. हा किती दाब घेतो, तो किती वाकतो, कंपनीच्या इंजिनिअरला हे का सुचलं नाही. सगळं आवळून झाल्यावर मी खाली पडलेले बोळे मोजले. आठ होते.

काका तिथेच उकिडवे बसले होते. त्यांनी बोळे गोळा केले, वाडीवालाच माणूस, केरात टाकायला हात होईना. त्यातला एक त्यांनी बोटांत धरून वर केला.

“मिस्त्री, हा एवढा एकच लहान कसा?”

मी बघितलंसुद्धा नाही. एवढ्या लोकांदेखत, मी बोलत असताना, एक ड्रायव्हर मला माझ्या कामातलं विचारतो याचाच राग आला.

“काका, तुम्ही गाडी चालवा. गाडी बनवायला मी आहे.”

कुणीतरी हसलं. काका ओशाळले आणि बोळे खिशात घालून उठले. टर्बोच्या खालचा पाईप ढिला करून, इंजिन चालू करून, तिथून तेल नीट वाहतंय का ते बघायची एक पद्धत असते. मी ती प्रत्येक गाडीला करायचो. त्या दिवशी शेठ नारळ हातात घेऊन ताटकळला होता आणि मला कधी एकदा ती गाडी सगळ्यांसमोर बाहेर काढतो असं झालं होतं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी बाहेर पडली. कुठेही टिपूस गळत नव्हतं.

दोन दिवस ती भिवंडीच्या फेऱ्या करून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी भरलेला माल घेऊन वापीकडे निघाली आणि मेंढवणच्या खिंडीत चढावर बंद पडली. काकांनी ढाब्यावरून शेठला फोन केला. शेठ जीप घेऊन माझ्याकडे आला आणि आम्ही दोघं गेलो.

काकांनी चाकांना दगड लावून ठेवले होते. आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग काळा धूर, मग कडकन काहीतरी तुटलं, असं त्यांनी नीट सांगितलं. तेलाचा काटा शेवटपर्यंत जागेवर होता, हेही सांगितलं. शेठ पार्टीला कळवायला ढाब्याकडे गेला. मला तहान लागली होती म्हणून मी काकांना पाणी आणायला पाठवलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तोपर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं.

टर्बोचा पाईप सोडवला. त्यातून तेल यायला हवं होतं, आलं नाही. दुसऱ्या बाजूनेही सोडवला, तारेने आतून ढोसला, तेव्हा अंगठ्याएवढा एक काळा, फुगलेला गोळा माझ्या तळहातावर पडला. मी तो बोटांनी उकलला. उभे उभे धागे होते. सगळ्या सातिवलीत ते एकाच माणसाचं काम असू शकत होतं. मी उपटला तेव्हा शेपटीच तेवढी तुटून हातात आली होती आणि मी तिलाच अख्खा बोळा समजून मोजलं होतं. दोन दिवस तेल झिरपत झिरपत गेलं असणार, चढावर जोर पडला तसा बोळा सरकून पुढच्या बारीक भोकात घट्ट बसला. काटा इंजिनाचं तेल दाखवत होता, टर्बोचं नाही. काकांना कळायला काही मार्गच नव्हता.

मी तो गोळा पँटच्या खिशात घातला. विचार करून घातला असं म्हणता येणार नाही, पण हात चुकूनही गेला नव्हता.

शेठ आणि काका एकदमच परत आले.

“काय झालं मिस्त्री? तुझे नवे पाईप ना?”

“पाईप बघा. टिपूस गळलेलं नाही,” मी म्हणालो. “टर्बोचा दांडा पकडलाय. तेलाचा कोळसा झाला की असं होतं.”

“कोळसा कशाने होतो?”

“गरम गाडी एकदम बंद केली की होतो. कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय.”

मी काकांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. शेठ त्यांच्याकडे वळला.

“काका, काल गाडी तुम्हीच लावली ना? दहा म्हटल्या होत्या?”

“म्हटल्या,” काका म्हणाले. पाण्याचा डबा अजून त्यांच्या हातातच होता. मग ते जरा थांबले. “म्हटल्या ना. काल देवळात मिस्साला जायचं होतं, घाई होती. पण म्हटल्या.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोरं मास्तरांकडे बघतात तसं, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. “मिस्त्री, समजा आठच झाल्या असतील. आठवर जळतो काय टर्बो?”

तेव्हा बोलायला हवं होतं. खिसा तेलाने भिजून मांडीला चिकटला होता. मी म्हणालो, “जळू शकतो.”

एवढंच बोललो. या दोन शब्दांची मला जी लाज वाटते तशी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. बोळा राहिला ती चूक होती, चूक कुणाकडूनही होते. तेल बघितलं नाही तो गर्व होता. पण हे मी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालो. परतताना काका जीपच्या मागच्या सीटवर बसले होते आणि मनोरच्या पुढे मी तो बोळा खिडकीतून हळूच टाकून दिला.

शेठने काकांना काढलं नाही. तो म्हणाला, टेम्पो चालवा, जवळच्या जवळ. काकांनीच ट्रकची चावी त्याच्या टेबलावर ठेवली. ज्याला धड दहा मोजता येत नाहीत त्याने दुसऱ्याची गाडी चालवू नये, असं म्हणाले. ते जाईपर्यंतचे आठ-दहा दिवस बाकीचे ड्रायव्हर त्यांना “काका, आज किती?” असं विचारायचे. माझ्यासमोर विचारायचे आणि मी पान्याला काहीतरी लागल्यासारखं करून पुसत बसायचो. इंजिन दुरुस्तीला माझ्याकडेच आलं. शेठने पुढच्या गाड्यांनाही तेच पाईप घालून घेतले. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, ते मी असं झाकलं की त्यावर माझं नाव मोठं झालं.

त्या नाताळात काकांनी नंदाखालहून माझ्याकडे फुग्यांचा डबा पाठवला. दर वर्षी पाठवायचे, घरी तळलेले, गोडसर. मला वाटलं होतं, या वर्षी येणार नाही. डबा आला. बरोबर निरोप होता की माझ्यामुळे मिस्त्रीच्या कामाला बट्टा लागला, राग नको. मुलांनी फुगे खाल्ले. मीही दोन खाल्ले, कारण बायको बघत होती.

पुढे सांगायला जायचं मी किती वेळा ठरवलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण गेलो नाही. काकांच्या गावावरून जाणारी बससुद्धा मी टाळायचो. गेलो तो आठ-नऊ वर्षांनी, आणि तेव्हाही आपणहून नाही. लोडशेडिंगचे दिवस होते, विजेच्या पंपाचा भरवसा नव्हता म्हणून लोकांनी वाड्यांमधली जुनी डिझेल इंजिनं पुन्हा बाहेर काढली होती. काकांचा निरोप आला, इंजिन तेल टाकतंय, मिस्त्रीला वेळ असेल तर बघेल का.

वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे पाणी साठवायच्या तळ्याच्या, काठी इंजिन होतं. काका पुरते पिकले होते. हात धरून त्यांनी मला खाली उतरवलं. काम किरकोळ होतं, एक वॉशर गेला होता, अर्ध्या तासात झालं. पंप चालू झाला, पाणी केळींकडे धावलं, आम्ही बघत उभे राहिलो. बाजूला एक जुना पाईप ठेवलेला होता. त्याच्या दोन्ही तोंडांत सोपटाचे बोळे होते, शेपट्या बोटभर बाहेर. मी तिथून नजर काढून घेतली.

पाणी पुरे झाल्यावर काकांनी इंजिन हळू केलं, पण बंद केलं नाही. डावा हात इंजिनाच्या टाकीवर ठेवला. एक बोट दाबलं, मग दुसरं. ओठ हलायला लागले.

“काका,” मी म्हणालो, “याला टर्बो नाही.”

त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. दहा पुऱ्या झाल्या, मग त्यांनी इंजिन बंद केलं.

“नाय ते माहीत हाय मला. पण एकदा मोडली ना सवय, काय झालं बघितलंस तू.” मग इंजिन पुसता पुसता म्हणाले, “अजून आठवायला बघतो रे. आठ झाल्या का नऊ. देवळात बसलो तरी तेच मोजत बसतो. फादरला पण सांगितलं, पाप म्हणून. त्यांनी माफी दिली. पण इंजिन शेठचं होतं, फादर कसे माफ करतील?”

मी तोपर्यंत कसा उभा होतो ते मला माहीत नाही. न केलेल्या पापाची हा माणूस माफी मागून आला होता, आणि केलेलं पाप मी अंगावर घेऊन त्याच्याच वाडीत उभा होतो. मी बोलायला लागलो. तो पाईप दाखवला, त्यातला बोळा दाखवला आणि सगळं सांगितलं. तुटलेली शेपटी, खिंड, खिसा, जीपची खिडकी. तुम्ही विचारलं होतंत, बोळा लहान कसा, मीच तुम्हाला तोडून बोललो, हेही सांगितलं.

“मी विचारलं होतं?” काका म्हणाले. त्यांना ते अजिबात आठवत नव्हतं.

मी वाट बघत होतो, शिवी देतील, पाना उचलतील. त्यांनी इंजिन पुसायचा फडका हातात धरून ठेवला होता.

“म्हणजे त्या दिवशी दहा झाल्या होत्या?”

“झाल्या होत्या काका.”

“आठ नाय?”

“दहा.”

ते घराकडे तोंड करून बायकोला हाका मारायला लागले, त्यांच्या घरच्या बोलीत, भराभर. काकी ओले हात लुगड्याला पुसत आल्या. काकांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं.

“हिला सांग. मला सांगितलंस तसं. सगळं.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पहिल्यांदा सांगताना मनाचा उमाळा होता, दुसऱ्यांदा तो नव्हता, नुसती हकीकत उरली होती आणि ती ऐकायला फार वाईट होती. काकी माझ्याकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय बोलत होते तुम्हाला? इतकी वर्षं काय बोलत होते? तुमची दहा कधी चुकत नाय. माझं नाय ऐकलंत, ह्याचं ऐकलंत.”

काका पायरीवर बसले.

“तो मिस्त्री ना गं,” ते म्हणाले. “त्यानेच तर शिकवल्या होत्या दहा.”